रात्रीत पडणारा भराव आणि महिनाभराची मुदत

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: घराशेजारची पाणथळ, टेकडी किंवा देवराई, आणि तिच्यावर डोळा ठेवून आलेला गृहप्रकल्प. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीमागे खाडीचं पाणी शिरतं असं तळं आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. महिन्याभरापासून रात्री डंपर येऊन राडारोडा टाकतात. ११२ ला फोन केला की पोलिसांची गाडी येऊन जाते, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. काय करावं? (वाचक, उरण)

उत्तर : डंपरच्या आधी पाण्याची वाट तपासा. खाडीकाठचं तळं भरावाने बुजवायला शेकडो खेपा लागतात, पण मारायला दोन-चार पुरतात. भरतीचं पाणी ज्या मोरीतून किंवा चरातून आत येतं, तिच्या तोंडावर राडारोडा पडला की काम झालं. खारं पाणी आत येईनासं होतं, पावसाळ्यात गोडं पाणी साचून सडतं, शेवाळ माजतं, डास होतात, वास सुटतो. मग ‘हे डबकं बुजवा’ असा अर्ज सोसायटीचेच लोक सह्या करून देतात. निम्म्या ठिकाणी हार इथेच होते, आणि ती आपल्याच हाताने होते.

तपासायची रीत सोपी आहे. दीड मीटरच्या बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा. असे दोन बांबू करा. एक मोरीच्या खाडीकडच्या बाजूला रोवा, दुसरा तळ्याच्या बाजूला. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे उधाणाच्या भरतीला, भरतीच्या वेळेआधी एक तास जाऊन उभे राहा आणि दर पंधरा मिनिटांनी दोन्ही बांबूंचे फोटो घ्या. बाहेर पाणी रेघा चढतंय आणि आत हलत नाही, तर वाट बंद आहे. हे अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला करू नका. त्या दिवशी पाणी मुळातच कमी चढतं आणि तुमचीच नोंद तुमच्याविरुद्ध वापरली जाते. पंचनाम्याचंही तेच. अधिकारी ओहोटीला आले तर त्यांना सुकलेला चिखल दिसेल. पंचनामा उधाणाच्या भरतीला व्हावा, अशी मागणी तारीख आणि वेळ घालून लेखी करा.

पक्ष्यांनाही हेच वेळापत्रक लागू आहे. ओहोटीला रोहित खाडीतल्या उघड्या चिखलावर चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उथळ, शांत जागा लागते, ती ही तळी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत गेलं, पण भरतीच्या वेळी पक्षी जिथे टेकतात त्या कित्येक जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. नेरुळचं सुमारे ३० एकरांचं डीपीएस तळं त्यातलंच. पाण्याच्या वाटेवरून बराच झगडा झाल्यावर २०२५ साली ते संवर्धन राखीव करायला राज्याकडून मंजुरी मिळाली. तेव्हा पक्ष्यांची गणना तळ्यावर भरतीलाच करा.

आता डंपर. रात्री रस्त्यात उतरून गाडी अडवू नका, ते धोक्याचं आहे. खिडकीतून किंवा गच्चीवरून गाडीचा नंबर, वेळ, येण्याची दिशा टिपा. फोटो मूळ फाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या फोटोतली तारीख आणि ठिकाणाची माहिती गळून जाते. प्रकरण कोर्टात गेलं तर फोटोसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते फोन ज्याचा आहे त्याच्याकडून घ्यावं लागतं. म्हणून कोणाच्या फोनमधला फोटो आहे, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. तक्रार तहसीलदार, नियोजन प्राधिकरण आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष अशी तिन्हीकडे एकाच दिवशी द्या. पोलिसांकडे गेलात तर स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक मागून घ्या.

तिवर किंवा चिप्पीची झाडं असतील तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवन आणि त्याभोवतीचे ५० मीटर यांत बांधकाम, भराव चालत नाही, मग जमीन सरकारी असो की खासगी. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. त्यांच्यावर माती बसली की झाड उभ्या उभ्या वाळतं. झाडं तोडलेली नाहीत, आपोआप वाळली, असा खुलासा नेहमी येतो. म्हणून वाळलेल्या झाडाच्या बुंध्याशी भरावाची जाडी टेप लावून मोजा आणि टेप दिसेल असा फोटो घ्या.

प्रश्न : आमचं तळं सरकारी पाणथळ यादीत नाही आणि सातबारा खासगी आहे. मग आमचा दावा संपलाच ना? (वाचक, पनवेल)

उत्तर : नाही. पाणथळ म्हणजे काय हे २०१७ च्या पाणथळ नियमांतल्या व्याख्येवरून ठरतं, मालकीवरून नव्हे. नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, कायमची किंवा हंगामी, गोडी, मचूळ किंवा खारी, सगळी त्यात येते. वगळलेल्या गोष्टी मात्र नीट वाचा: नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी खास बांधलेले जलाशय. विकासकाचा वकील याच दारातून बाहेर पडतो. ‘ही पूर्वी मिठागराची जमीन होती’ किंवा ‘इथे भात पिकायचा’ हे वाक्य उत्तरात हमखास येतं. मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गची २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायला राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली. यावरून या अपवादाची किंमत कळावी.

सव्वादोन हेक्टरहून मोठी पाणथळ असेल तर इस्रोच्या २०११ च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात बघा. त्यात देशभरातल्या अशा २,०१,५०३ जागा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, अधिसूचना निघालेली असो वा नसो, त्यांना संरक्षण दिलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष जाऊन सीमा तपासायला सांगितलं. तुमचं तळं नकाशात असेल तर तालुक्यात ही तपासणी झाली का, सीमा कुठे आखली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो. फी १० रुपये. पाच प्रश्न एकत्र कोंबलेला अर्ज परत येतो आणि तुमचा महिना जातो.

उपग्रह चित्रांचं एक सांगायला हवं. प्रकल्पाच्या सादरीकरणात चित्र जवळजवळ नेहमी एप्रिल-मेचं असतं, तळं कोरडं दिसावं म्हणून. तुम्ही गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या चित्रांची पट्टी ओढून दर वर्षीचं पावसाळ्यानंतरचं एक चित्र काढा. उंची आणि दिशा सगळ्यांत तीच ठेवा. २०१७ च्या आधीची सलग दहा वर्षांची चित्रं खास हवीत, कारण नियमात कायमच्या बांधकामासाठी ५० मीटरचं अंतर नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी कमाल पूरपातळीपासून मोजायचं आहे. भरावाच्या कडेपासून मोजायचं नाही. हा फरक बैठकीत कोणी आपणहून सांगत नाही.

प्रश्न : आमच्या टेकडीवर गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट विकले जात आहेत. टेकडी वाचावी म्हणून आम्ही पावसाळ्यात पाचशे झाडं लावणार आहोत. कोणती लावावीत? (वाचक, पुणे)

उत्तर : आधी लावू नका. पुण्याच्या टेकड्यांचा माथा आणि बराचसा उतार हा गवताळ माळ आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, मधूनच सालई, मोई, धावडा. टिटवी, चंडोल, तित्तर उघड्यावर जमिनीत घरटी करतात. तिथे खड्डे खणून दाट रोपं लावली की माळही जातो आणि पक्षीही. शिवाय तुमच्या मागणीची धारही जाते. ‘ही जमीन ओसाड आहे’ हे विकासकाचं म्हणणं तुम्ही फावड्याने मान्य केलेलं असतं. गिरिपुष्पाची लागवड तर टेकड्यांवर आधीच इतकी झाली आहे की तिच्याखाली गवत दिसत नाही. हौस असेल तर पावसाळ्यानंतर गवत वाळलं की तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढायला वनविभागाला मदत करा. टेकडीला त्याचा जास्त उपयोग आहे.

प्लॉटचं म्हणाल तर पहिलं काम म्हणजे त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला, म्हणजे आराखड्यात जमीन कशासाठी राखली आहे ते सांगणारा कागद. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. दाखल्यात ते दिसलं तर त्याची प्रत सोसायट्यांच्या फलकांवर लावा. घेणारे बहुतेक जण फसवले गेलेले असतात आणि गिऱ्हाईक तुटलं की विक्री आपोआप थंडावते. जमीनमालकांशी मात्र भांडण घेऊ नका. त्यांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला आहे, तो त्यांना तुटपुंजा वाटतो, आणि त्यांच्या जागी कोणालाही वाटेल. मोबदला वाढवून लवकर द्यावा, ही मागणी टेकडी वाचवणाऱ्यांनीच लावून धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आरक्षण नसेल तर उतार मोजा. एकास पाचहून तीव्र उतारावर बांधकामाला विकास नियंत्रण नियमावलीत बंधन आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी, पाच मीटर दोरी आणि टेप एवढंच लागतं. वरच्या माणसाने दोरीचं टोक जमिनीला टेकवायचं, खालच्याने दोरी ताणून नळीतल्या पाण्याच्या पातळीवर आडवी धरायची आणि तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. ते एक मीटरपेक्षा जास्त भरलं तर उतार बंधनात येतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, तेव्हा आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का पाहा. असे चार टप्पे सलग घ्या, म्हणजे २० मीटरचा उतार मिळतो. एखादा कडा पकडून एकाच ठिकाणी मोजलंत तर सुनावणीत पहिल्या मिनिटाला उडवून लावतील. ही मापं सरकारी मोजणीची जागा घेत नाहीत, पण टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने मोजणी करा, या मागणीला त्यांचा आधार होतो.

आणि हे सगळं जेसीबी यायच्या आधी. टेकडी कापून सपाट केल्यावर उतार उरतच नाही. खोदकाम सुरू झालंच असेल तर गौण खनिजाच्या विनापरवाना उत्खननाची तक्रार तहसीलदाराकडे करा. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो, त्यामुळे महसूल खातं या तक्रारीला पर्यावरणाच्या तक्रारीपेक्षा लवकर उठतं. पायासाठी खोदलेला मुरूम त्याच प्लॉटमध्ये वापरला, हा बचाव ठरलेला आहे. म्हणून मुरूम भरून फाटकाबाहेर पडणाऱ्या गाड्यांचे फोटो घ्या.

प्रश्न : आमच्या गटाने १४२ पक्ष्यांची यादी पालिकेला दिली. काहीच झालं नाही. (वाचक, नाशिक)

उत्तर : नुसती नावांची यादी म्हणजे हौस. तिला पुरावा करायचा तर प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, संख्या आणि पक्षी काय करत होता हे हवं. उडत गेलेला बगळा आणि घरट्यावर बसलेला बगळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्षभर, महिन्यातून दोनदा, त्याच वाटेने, तेवढाच वेळ फिरा. काही दिसलं नाही तरी ती फेरी नोंदवा, नाहीतर फक्त चांगले दिवस निवडल्याचा आरोप होतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना संख्येच्या जागी फुली टाकू नका, आकडा लिहा. फोटो नसलेला दुर्मीळ पक्षी यादीतून काढा. एक चुकीची ओळख सापडली की उरलेल्या १४१ वरचाही विश्वास जातो. १४२ नावांपेक्षा सहा घरट्यांचा नकाशा अधिक वजनदार ठरतो.

प्रश्न : मोठ्या गृहसंकुलासाठी जनसुनावणी कधी होते? आम्ही तयारीत आहोत. (वाचक, ठाणे)

उत्तर : होत नाही. २०,००० ते १,५०,००० चौरस मीटर बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, जनसुनावणी नाही. लोक वाट बघत राहतात आणि मंजुरी निघून जाते. तुमची संधी त्याआधी आहे. पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश या सरकारी संकेतस्थळावर अर्ज चढतो आणि राज्याच्या तज्ज्ञ समितीच्या बैठकीची विषयपत्रिका येते. अर्जात जवळच्या जलाशयांबद्दल, झाडांबद्दल काय लिहिलं आहे ते शब्द न् शब्द वाचा. ‘नाही’ लिहिलेलं असेल आणि तिथे तळं असेल, तर नकाशा जोडून समितीच्या सचिवांना बैठकीच्या आधी पत्र द्या. २०,००० च्या खाली राहण्यासाठी एकाच प्रकल्पाचे तुकडे करण्याची चलाखीही होते. महारेराच्या संकेतस्थळावर लगतचे सर्व्हे नंबर आणि प्रवर्तकाचं नाव ताडून पाहा. दोन ‘वेगळ्या’ प्रकल्पांना रस्ता आणि सांडपाण्याचं केंद्र एकच असेल, तर ते वेगळे नाहीत.

मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे ३० दिवसांत अपील. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. एक्याण्णवाव्या दिवशी गेलात तर कारण कितीही खरं असो, दार बंद. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये आहे. वकिलाचा खर्च वेगळा. मंजुरीची जाहिरात सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक मराठी असतं. ते बहुधा तुमच्या घरी न येणारं असतं, म्हणून गटातल्या एकाने आठवड्यातून दोनदा परिवेश बघायचं, अशी पाळी लावा.

प्रश्न : विकास आराखड्यात आमच्या तळ्याचा ‘हरित पट्टा’ बदलून ‘निवासी’ करण्याची सूचना निघाली आहे. हजार सह्यांचं निवेदन पुरेल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हजार सह्यांचं एक निवेदन म्हणजे एक हरकत. छापील मजकुराची हजार पत्रंही एका गठ्ठ्यात जातात. त्यापेक्षा तीस जणांनी तीस वेगळे मुद्दे द्यावेत: कोणी पुराच्या पाण्याचा, कोणी विहिरींचा, कोणी पक्ष्यांचा, कोणी रस्त्याच्या रुंदीचा. प्रत्येक पत्रात सूचनेचा क्रमांक आणि तारीख, सर्व्हे नंबर, आक्षेप आणि नेमकी मागणी हवी. ‘फेरविचार व्हावा’ ही मागणी नव्हे. ‘सर्व्हे नंबर अमुकचा फेरबदल रद्द करावा’ ही मागणी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालची सूचना असेल तर मुदत एक महिना. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. सुनावणीचं पत्र शिक्का नसलेल्या माणसाला येत नाही.

प्रश्न : गावाची देवराई सव्वा एकराची आहे. शेजारी फार्महाऊसचे प्लॉट पडलेत. एवढ्याशा जागेला संरक्षण मिळतं का? (वाचक, मुळशी)

उत्तर : मिळतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल जेमतेम २.५९ हेक्टरची आहे, तिला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. वाट ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतून जाते. समिती कागदावर बहुतेक गावांत आहे, फक्त सदस्यांना ते माहीत नसतं. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून सदस्यांची यादी घ्या. मग लोकजैवविविधता नोंदवही उघडून देवराईचं पान नीट भरा: झाडं स्थानिक नावांसह, मोठ्या झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर, पाण्याचा झरा, देवाचे नेम. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारल्याशिवाय हे पान पुरं होत नाही. त्यानंतर ग्रामसभेचा ठराव, आणि तो राज्य जैवविविधता मंडळाकडे, नागपूरला.

जमीन कुणाच्या नावावर आहे ते ठरावाआधी बघा. सातबाऱ्यावर देवाचं नाव असेल तर ती परवानगीशिवाय विकता येत नाही. खासगी खातेदार असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. एका नाराज भावकीमुळे फाइल वर्षानुवर्षं पडून राहते.

प्रश्न : आमचा तलाव वाचला! आता पालिका भोवती जॉगिंग ट्रॅक, दिवे आणि कारंजं देते आहे. आनंदच आहे, पण पक्षी कमी होतील का? (वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : होतील. काठाचा उथळ चिखल हाच पाणपक्ष्यांचा स्वयंपाकघराचा ओटा. दगडी पिचिंग करून काठ उभा केला की पाणी कडेलाच खोल होतं आणि तुतवार, शेकाट्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. पालिकेकडे तीन गोष्टी लेखी मागा: निम्मा काठ मातीचाच ठेवा, ट्रॅक एकाच बाजूने करा, आणि दिवे गुडघ्याएवढ्या उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले लावून रात्री दहाला बंद करा. पाणवनस्पती सरसकट काढू नका. जलपर्णी काढायचीच, पण पाणकणीस आणि लव्हाळ्यात पाणकोंबड्या घरटी करतात, ती पावसाळ्यात तर अजिबात छाटू नका. आणि कारंजं नको म्हणून सांगा.

प्रश्न : बांधकाम सुरू झाल्यापासून सोसायटीत साप येतात. पकडून जवळच्या जंगलात सोडले तर चालेल का? (वाचक, बदलापूर)

उत्तर : स्वतः पकडू नका. वनविभागाच्या मदत क्रमांकावर, १९२६ वर, कळवा. सर्पमित्र आला तर त्याच्याकडे वनविभागाचं ओळखपत्र आहे का पाहा आणि साप जिथे सापडला त्याच्या आसपासच सोडला जाईल असं बघा. लांबच्या अनोळखी जंगलात नेऊन सोडलेले साप बहुधा जगत नाहीत. प्रत्येक सापाची तारीख आणि जागा वहीत लिहायला मात्र विसरू नका. प्लॉट साफ केल्याच्या तारखेशी ती ताडून तक्रारीला जोडता येते.